फोनच्या वापराची नोंद दर महिन्याला का बिघडते आणि ती कशी सुधारायची

अडचण अशी आहे. फोन, टीव्ही, यूट्यूब यांवर आपला दिवसाचा किती वेळ जातो याची नोंद ठेवायला आपण मनापासून सुरुवात करतो. पहिला आठवडा छान जातो. दुसऱ्या आठवड्यात आकडे पटेनासे होतात. फोन म्हणतो पाच तास, मन म्हणते तीन. मध्येच ॲपमध्ये दोन दिवस कोरे दिसतात. तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे हे चार वेळा झाले.

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशोबाचे काम करते. १९ वर्षे रोज संध्याकाळी किर्दीचा मेळ घालून मगच घरी निघते. मेळ बसला नाही तर माणूस आळशी आहे असे आम्ही म्हणत नाही. कोणती नोंद दोनदा पडली, कोणती राहिली, कोणती दुसऱ्याच्या खात्यावर गेली ते शोधतो. फोनच्या नोंदीकडे मी याच नजरेने बघायला लागले तेव्हा चारही वेळची कारणे सापडली. ती तुमच्याकडेही बहुतेक हीच असतील, म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

शोधायला लागले ते घरातल्या एका प्रसंगामुळे. मुलगा यंदा बारावीला आहे. ऑगस्टमध्ये एका रात्री मी त्याच्या फोनमधला आकडा पाहिला, ६ तास ४० मिनिटे, आणि भरल्या ताटावर त्याला बोलले. तो अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोन माझ्यासमोर ठेवला आणि आदल्या दिवसाची यूट्यूबची यादी दाखवली. त्यातली जवळजवळ तीन तासांची भौतिकशास्त्राची लेक्चरे होती. "आई, हे पण त्यातच धरलंस?" एवढेच विचारले त्याने. त्या आकड्यावर विसंबून मी पोरावर अन्याय केला होता. तेव्हापासून घरात कुणाला आकडा दाखवायचा तर आधी त्याचा मेळ घालायचा, असे मी ठरवले.

फोनचा आकडा फार मोठा येतो

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो.

फोन मोजतो ते एवढेच: पडदा चालू होता आणि समोर अमुक ॲप उघडे होते. पडद्याकडे कोण बघत होते, कुणी बघत होते की नाही, हे त्याला कळत नाही. मला हे पटले ते सासूबाईंमुळे. संध्याकाळी दिवा लावला की त्या माझ्या फोनवर हरिपाठ लावायला सांगतात. मी फोन देवघराशेजारच्या फडताळात डब्याला टेकवून उभा करते. त्या पाटावर बसून वाती वळतात. कापसाचा पेळू डाव्या हातात, उजव्या तळव्याला राख, आणि ओठ हरिपाठाबरोबर हलत असतात. डोळे पूर्ण वेळ वातीवर. त्या पाऊण तासात एकदाही त्या फोनकडे बघत नाहीत. फोन मात्र इमानदारीने माझ्या नावावर ४८ मिनिटे स्क्रीन टाइम टाकतो. म्हणजे माणूस चुकीचा, आणि वापराचा प्रकारही चुकीचा.

त्या दिवसापासून माझ्या नोंदीत दोन रकाने आहेत: डोळे आणि कान. गाडी चालवताना लावलेली गाणी, स्वयंपाक करताना ऐकलेल्या बातम्या, सासूबाईंचा हरिपाठ, हे सगळे कानात. मालिका, रील, बातम्यांचे वाचन, व्हॉट्सॲप, हे डोळ्यात. दोघांची बेरीज कधीही करायची नाही. डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात, त्यामुळे तो रकाना जागेपणाच्या तासांच्या पुढे जाऊ शकत नाही; कान बाकी कामांबरोबर चालतात. हे दोन एकत्र मिळवले की एकच तास दोनदा जमा होतो आणि दिवस ३० तासांचा दिसायला लागतो. माझी पहिली वही याच चुकीने बंद पडली.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. पडदा बंद करून तुम्ही दोन तास पॉडकास्ट ऐकलात तर स्क्रीन टाइममध्ये त्याचा पत्ता नसतो. कानाचा रकाना हातानेच लिहावा लागतो.

आकडा फुगवणाऱ्या बाकीच्या गोष्टी नेहमीच्याच आहेत. नकाशा लावून केलेला प्रवास. ओट्यावर उघडा ठेवलेला पाककृतीचा व्हिडिओ. आणि फोन दुसऱ्याच्या हातात असणे. शेवटचे आपल्या घरांत फार असते, कारण फोन नावाला एकाचा असतो आणि हाताळतात चौघे.

एका बुधवारचा हिशोब दाखवते, म्हणजे मेळ कसा घालायचा ते कळेल. फोनने दाखवले ५ तास १२ मिनिटे, म्हणजे ३१२ मिनिटे. त्या दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो होतो, नकाशा ७५ मिनिटे. मुलाने त्याचा फोन चार्जिंगला असताना माझ्या फोनवर एक लेक्चर पाहिले, ६२ मिनिटे. हरिपाठ ४८. हे तिन्ही वजा केले की उरतात १२७, म्हणजे माझ्या डोळ्यांचे २ तास ७ मिनिटे. पाच तासांचा आकडा पाहून जो धसका बसतो आणि दोन तासांचा पाहून जो विचार सुरू होतो, त्यात फार अंतर आहे. नकाशाचा वेळ कमी करायचा प्रश्नच नसतो. त्या १२७ मिनिटांतले काय नको होते, ते शोधता येते.

अँड्रॉइडवर हे आकडे सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंगखाली मिळतात. आलेखावर दाबले की ॲपनुसार यादी येते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्क्रीन टाइम. दोन्ही सोयी २०१८ साली आल्या, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक फोनमध्ये वेगळे ॲप न टाकता एवढे काम होते.

आयफोनवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. तिथे एकाच ॲपल खात्यावरच्या सगळ्या उपकरणांचा वेळ एकत्र दाखवण्याची सोय आहे. पुण्यातल्या माझ्या बहिणीचा आकडा रोज सात तासांच्या पुढे जायचा. निम्मा वेळ तिच्या खात्यावर चालणाऱ्या आयपॅडचा होता, आणि तो असतो तिच्या धाकट्या मुलीकडे. आकड्यांच्या पानावर वरच्या बाजूला एकेक उपकरण निवडून पाहता येते. नाहीतर सगळी उपकरणे जोडणारे ते बटण बंद करा.

अभ्यास आणि करमणूक एकाच नावाखाली

माझ्या मुलाच्या बाबतीत झाले ते हेच. फोनच्या यादीत यूट्यूब म्हणजे यूट्यूब. आत लेक्चर चालले होते की शॉर्ट्स, याचा निवाडा फोन करत नाही. बारावीच्या मुलाच्या आईबापांनी हा भाग जरूर वाचावा.

आम्ही केलेला उपाय साधा आहे. लेक्चरे बघायची ती क्रोममध्ये यूट्यूबची साइट उघडून, बाकीचे सगळे यूट्यूबच्या ॲपमध्ये. आता यादीत दोन वेगळ्या ओळी येतात आणि कुणाला काही लिहावे लागत नाही. पहिले दोन दिवस तो कुरकुरला, मग सवय झाली. दुसरा मार्ग म्हणजे अभ्यासासाठी वेगळे गूगल खाते. यूट्यूबच्या खात्यात 'किती वेळ पाहिले' असे एक पान असते. आजचा, कालचा आणि गेल्या सात दिवसांचा वेळ तिथे दिसतो. तो आकडा पाहिलेल्या व्हिडिओंच्या इतिहासावरून काढला जातो. इतिहास बंद असेल, काही व्हिडिओ त्यातून काढून टाकले असतील किंवा इनकॉग्निटोत पाहिले असेल, तर तेवढा वेळ त्यात येत नाही. शिवाय टीव्हीवर तुमचेच खाते लावलेले असेल तर घरातल्या सगळ्यांचे बघणे तुमच्या नावावर जमा होते. आमच्या टीव्हीवर माझे खाते होते आणि यजमानांचे क्रिकेटचे विश्लेषण महिनोन्महिने माझ्या खात्यावर पडत होते. टीव्हीसाठी वेगळे खाते काढले आणि तो घोळ मिटला.

आकडा फार लहान येतो

यात शोधायचे फारसे नाही. टीव्ही, ऑफिसच्या संगणकावरचे व्हॉट्सॲप, दुसरा फोन, छापील पेपर, यातले काहीही आपल्या फोनला दिसत नाही. ते हाताने लिहायचे.

टीव्हीसाठी मिनिटे मोजू नका, कार्यक्रम मोजा. रात्रीची एक मालिका जाहिरातींसह अर्धा तास. 'मालिका २' लिहिले की एक तास झाला. आणि टीव्ही चालू होता म्हणजे आपण पाहिला असे धरू नका. देशातले टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेलाही हीच अडचण सोडवावी लागते. ज्या घरांत ती मीटर बसवते, तिथे घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचे बटण असते आणि बघायला बसले की ते दाबायचे असते. संच चालू आहे एवढे यंत्राला आपोआप समजते, समोर कोण बसले आहे ते माणसालाच सांगावे लागते.

ॲपमध्ये मधलेच दिवस कोरे

नोंदीसाठी बाहेरचे ॲप घेतले असेल तर ही तक्रार हमखास येते. माझी तिसरी वही यानेच बुडाली. सोमवार-मंगळवारचा आकडा, बुधवार-गुरुवार रिकामे, शुक्रवारी पुन्हा आकडा.

असे का होते? अशा ॲपला दोन गोष्टी लागतात. एक, 'वापर पाहण्याची परवानगी', म्हणजे यूसेज ॲक्सेस. ती नेहमीच्या परवानग्यांत नसते, सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या विशेष परवानग्यांमध्ये असते. दोन, मागे जागे राहण्याची मुभा. ही दुसरी गोष्ट फोन बॅटरी वाचवण्यासाठी काढून घेतो. त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचे बंधन काढा. ऑटोस्टार्टचे बटण असेल तर चालू करा. ॲप बरेच महिने न उघडल्यास त्याचे काम थांबवण्याचे एक बटणही नव्या अँड्रॉइडमध्ये असते, ते बंद ठेवा. आणि उघडी ॲप्स सरसकट झाडून टाकायची सवय असेल तर बऱ्याच फोनवर हेही ॲप त्यात मरते. त्याला कुलूप लावायची सोय असली तर लावा.

यामागची एक गोष्ट कळली की काळजी कमी होते. कोणते ॲप कधी समोर आले याची बारीक नोंद अँड्रॉइड स्वतःही ठेवते, पण ती थोडेच दिवस टिकते. तुमचे ॲप दोन दिवस झोपले आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही ते उघडले, तर मधली भर ते बहुतेक वेळा या नोंदीतून घालू शकते. दोन-तीन आठवडे झोपले तर तो खड्डा कायमचा. म्हणून ॲप दोन दिवसांतून एकदा तरी उघडायचेच.

आता एक कळकळीची सूचना. वेळ मोजण्यासाठी यूसेज ॲक्सेस पुरतो. एखादे अनोळखी ॲप नुसत्या मोजणीसाठी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर देऊ नका. त्या परवानगीने ॲपला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणेही दाबता येतात. ज्या फोनवर आपले बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार चालतात त्यात असा पाहुणा नको. पतसंस्थेत आमच्याकडे पैसे गेलेली माणसे येऊन बसतात. त्यांचे चेहरे पाहिलेत म्हणून हे लिहिते आहे. फोनमधली मूळ सोय असताना बाहेरचे ॲप घ्यायची खरे तर बहुतेकांना गरजच नसते.

रात्रीचा वेळ दोन दिवसांत फुटतो

हे कारण मला सर्वांत उशिरा सापडले. माझ्या नोंदीत शनिवार सुधारलेला दिसायचा आणि रविवारी सकाळीच आकडा चढलेला. मी रविवारी सकाळी फोन हातातही घेत नव्हते. झाले असे की शनिवारी रात्री ११:२० ते १२:५० मी फोनवर होते. फोनचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून ४० मिनिटे शनिवारला आणि ५० रविवारला गेली. बसणे एक, पण त्याचे दोन तुकडे. ज्या सवयीने झोप जाते तीच अशी लपते.

याचे उत्तर सरकारच्या पाहणीत तयार मिळाले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोक वेळ कसा घालवतात याची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. सहा वर्षांवरच्या सर्वांची माहिती घेतली जाते. त्यात दिवस मोजतात तो पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत. जागरण करणाराही तोवर झोपलेला असतो आणि लवकर उठणारा बहुधा अजून उठलेला नसतो. आपला दिवस तिथेच तोडा. फोनमध्ये तासावार आलेख पाहता येतो. मध्यरात्री ते चारमधले जे असेल ते आदल्या दिवसाला टाका. माझ्या शनिवारांचे खरे रूप मला याच बदलानंतर दिसले, आणि झोपायच्या खोलीबाहेर चार्जर नेला तो त्या महिन्यात.

नोंद ठेवायचाच कंटाळा येतो

इथे उपाय दूधवाल्याच्या हिशोबातला आहे. आपण भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज 'एक लिटर' असे लिहीत नाही. एक लिटर ठरलेले असते. आले नाही त्या दिवशी खाडा मांडतो, जास्त घेतले तर तेवढे लिहितो. महिनाअखेर हिशोब चोख. फोनच्या नोंदीचेही तसेच करा. फोनला जे दिसते ते फोनने मोजावे. तारखेच्या चौकोनात आपण फक्त तेवढेच लिहायचे जे फोनला दिसत नाही किंवा त्याने चुकीच्या माणसाच्या नावावर टाकले आहे. माझ्या चौकोनात रोज तीन-चार खुणा असतात: 'ह' म्हणजे हरिपाठ, 'मा २' म्हणजे दोन मालिका, 'न' म्हणजे नकाशा. पेन्सिल कालनिर्णयाला दोऱ्याने बांधून ठेवली आहे. लिहायला दहा सेकंद लागत नाहीत.

एखादा दिवस राहिला तर तिथे खाड्याची फुली मारा आणि पुढे चला. आठवून आकडा भरू नका. पॅरी नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी केली. लोक आपल्या वापराचा सांगतात तो अंदाज आणि उपकरणाने मोजलेला वेळ यांचा मेळ जेमतेमच बसतो, असे त्यात दिसले. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला आकडा म्हणजे पावतीशिवायचा खर्च. आणि कोरे व शून्य एक नव्हे. आठवड्यात पाच दिवस नोंद असेल तर सरासरीला पाचाने भागा, सातने नाही. मी आधी साताने भागत होते, म्हणून ज्या आठवड्यात वही नीट ठेवली नाही तोच आठवडा नेमका चांगला दिसायचा.

मेळ रोज घालू नका, दमायला होते. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की मी पंधरा मिनिटे बसते. फोनमधले आठवड्याचे आकडे घेते, खुणांप्रमाणे वजाबाकी आणि भर करते, आणि डोळ्यांचा व कानांचा एकेक आकडा महिन्याच्या पानामागे लिहिते. दिवसाला पंधरा-वीस मिनिटांचा फरक उरला तर तो 'सस्पेन्स', म्हणजे कारण न सापडलेला फरक, म्हणून तसाच ठेवते. त्याच्या मागे लागून कुणाचे भले होत नाही. फरक सलग दोन आठवडे तासाच्या पुढे गेला तर मात्र शोधते. आतापर्यंत दर वेळी फोन दुसऱ्याच्या हातात होता, हेच निघाले.

अनलॉकचा आकडाही बघा

फोन दिवसातून किती वेळा उघडला हेही अँड्रॉइड दाखवते. नकाशा आणि हरिपाठ त्यात एकेकदाच मोजले जातात, म्हणून हा आकडा कमी बिघडतो. कामाच्या दिवसांसाठी मला तोच जास्त खरा वाटतो. काउंटरवर बसून मी एका दिवसात ७४ वेळा फोन उघडला होता, वेळ झाला होता जेमतेम ५० मिनिटे. तासांच्या हिशोबात हे दिसलेच नसते, पण ७४ वेळा हातातली बेरीज सुटली होती.

फोन बदलताना

जुन्या फोनमधला वापराचा इतिहास नव्या फोनमध्ये येईल यावर विसंबू नका. फोन देण्याआधी शेवटच्या आठवड्यांच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि नव्या फोनवर डिजिटल वेलबीइंगमध्ये रोजचा वापर नोंदवण्याचे बटण चालू आहे ना ते पहिल्याच दिवशी पाहा. ज्या दिवशी फोन बदलला त्या तारखेला कालनिर्णयावर तसे लिहून ठेवा. माझी चौथी वही या एका न लिहिलेल्या तारखेमुळे गेली.